पानापानाला हळदकुंकू

आमच्या गावच्या मास्तरला मी आजही ‘ते’ म्हणत नाही, ‘तो’च म्हणते. घरातली मंडळी टोकतात. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. अहो, तो जिवंत होता तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि त्याच्या हातात छडी होती. तेव्हा बोलता आलं नाही, आता तो गेल्यावर बोलायचं नाही, मग मी बोलायचं तरी कधी?

आमचं गाव परभणीकडच्या झरी आणि बोरीच्या मधलं. पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं, शाळेतली उर्दू गेली आणि पोरं मराठीतून शिकायला लागली. शाळा मारुतीच्या देवळाला लागून होती, खोली एकच, वर्ग चार, मास्तर एक. तोच मास्तर, तोच हेडमास्तर. हाताखाली काळं कुत्रं नव्हतं, पण दारावर खडूने ‘हेडमास्तर’ लिहायचा आणि पुसट झालं की पोरांकडून पुन्हा गिरवून घ्यायचा.

शाळेत पोरी दोनच होतो, मी आणि दुकानदाराची लेक. तिची पुस्तकं तिचा बाप परभणीहून विकत आणायचा. आमच्याकडे कोरडवाहू तुकडा होता. ज्वारी व्हायची, तूर व्हायची, खाऊन-पिऊन वर्ष निघायचं, वर काही उरायचं नाही. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते शिक्षणाच्या विरोधात नव्हते आणि बाजूनेही नव्हते. मला शाळेत घातलं त्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं होतं, “सरकार पुस्तकं देतंय तवर शिक. ज्या दिवशी इकत घ्यायची येळ आली, त्या दिवशी दप्तर खुंटीला अन् खुरपं हातात.” मी दुसरी-तिसरी शिकले ती या एका वाक्यावर.

गरिबांच्या लेकरांना सरकार पुस्तकं फुकट द्यायचं. म्हणजे वर्षभर वापरायला द्यायचं, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी परत करायची. परत केली की पुढच्या वर्गाची मिळायची. योजना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण सरकार परभणीत, फार तर हैदराबादेत. आमच्या गावात सरकार म्हणजे हा मास्तर. जून महिन्यात बैलगाडीतून गठ्ठा आला की तो खुर्चीवरून उठायचा, धोतराचा सोगा सारखा करायचा आणि मोठ्याने म्हणायचा, “गरिबांनी उभं राहा.” आम्ही उभे राहायचो. तो एकेकाकडे खालून वर बघायचा, कुणी खोटा गरीब तर घुसला नाही ना. आणि मग पुस्तक असं हातावर टाकायचा, की जसं काही त्याच्या बायकोचे दागिने विकून आणलंय.

पुस्तकाच्या पानापानावर जांभळा शिक्का असायचा. ‘सरकारी. गरीब विद्यार्थ्यासाठी.’ एखाद्या पानावर तो नेमका कवितेच्या ओळीवर पडलेला असायचा, मग ती ओळ अंदाजाने वाचायची. ढोर हरवलं तर डागावरून ओळखू यावं, तशी सोय केली होती त्या पुस्तकांची. आणि आमचीही. दुकानदाराची लेक माझ्या शेजारी बसायची, तिच्या पुस्तकाचा कोरा वास यायचा, आणि मी माझ्या पुस्तकावरचा शिक्का हाताखाली झाकून वाचायचे.

पण घरी त्याच पुस्तकाचा काय थाट! आमच्या घरात आलेलं ते पहिलं मराठी पुस्तक. दादा निजामाच्या शाळेत दोन वर्गांपुरती उर्दू शिकले होते आणि विसरूनही गेले होते. आमच्या आईला, मी तिला माय म्हणायचे, अक्षर ठाऊक नव्हतं. पण ती भाकरी थापायला बसली की म्हणायची, “वाच गं त्ये इहिरीचं.” मी विहिरीचा धडा वाचायचे. तवा तापलेला असायचा, आणि भाकरी हातातच धरून ती ऐकायची. कुठल्या धड्यानंतर कुठला येतो हे तिला पाठ झालं होतं. मी चुकून एक ओळ गाळली तर म्हणायची, “ऐ, मदलं खाल्लंस.” पुस्तक ती कधी जमिनीवर ठेवू द्यायची नाही. माझा पाय लागला तर आधी पुस्तकाच्या पाया पड म्हणायची आणि मग मला धपाटा घालायची.

मी तिसरीत होते, त्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. आमच्यात दसऱ्याला अवजारं पुजतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, तिफणीचे फण, सगळं घासूनपुसून घोंगडीवर रांगेत मांडायचं आणि एकेकाला हळदकुंकू लावायचं. मायने सगळं मांडलं, रांगेकडे बघितलं आणि मला म्हणाली, “तुजं अवजार आण की.”

“माझं कोणतं?”

“बुक गं. त्येच्यावरच तुजं प्वाट भरायचंय फुडं.”

मी पुस्तक आणलं. दादा पागोटं बांधत होते. ते म्हणाले, “सरकारी हाय ते. उगं काई करू नका.”

माय म्हणाली, “सरकारला काय देव न्हाई का?”

दादांनी पागोट्याचं टोक खोचलं. ते बैलांकडे निघून गेले.

मायने पुठ्ठ्याला हळदकुंकू लावलं. मग थांबली. म्हणाली, “उगड.” मी उघडलं. तिने पहिल्या पानाला लावलं, मग दुसऱ्या. मी विचारलं, “किती पानांना लावायलीस?” तर ती माझ्याकडे बघतच राहिली. “आता घरात चार बाया आल्या, अन् येकीला लावलं, येकीला न्हाई, आसं करतेत का? समदी पानं येकाच घरची. कुन्या पानात इद्या हाय हे तुला म्हाईत हाय का मला? ज्याला न्हाई लावलं ते रुसलं तर?”

बरोबर होतं तिचं. आजही मला त्यात चूक दिसत नाही. एकीला कुंकू लावून दुसरीला वगळणं म्हणजे अपमान, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही कळतं. मी पानं उलटत गेले आणि ती ओल्या बोटाने हळद लावायची, वर कुंकू टेकवायची. शेवटच्या पानापर्यंत तिने एकही पान सोडलं नाही. अक्षरावर बोट पडू नये म्हणून वरच्या कोऱ्या जागेतच लावलं. सरकारच्या शिक्क्याला जेवढी अक्कल नव्हती तेवढी तिला होती.

त्याच सकाळी शाळेतही पूजा झाली होती. आम्ही पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली होती. मास्तरने स्वतःच्या हाताने हजेरीपटाला हळदकुंकू लावलं होतं, दौतीला लावलं होतं, टाकाला लावलं होतं. मी डोळ्यांनी बघितलं होतं. हे लक्षात ठेवा.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी पुस्तकं परत करायचा दिवस आला. एकेक जण पुढे जायचा, मास्तर पानं चाळायचा आणि गठ्ठ्यावर ठेवायचा. कुणाच्या पुस्तकाचे कोपरे कुरतडलेले, कुणाचं शेवटचं पान नाही, कुणाच्या पुस्तकावर चक्क बैल काढलेला. त्या पोरांना एकेक छडी मिळाली आणि पुस्तक जमा झालं. माझं पुस्तक धड होतं. सगळी पानं जागच्या जागी होती. मी बिनधास्त पुढे गेले.

त्याने पुस्तक उघडलं. एक पान, दोन पानं, तीन पानं. मग भराभर शेवटपर्यंत.

“हे काय आहे?”

“हळदकुंकू, गुरुजी. दसऱ्याचं.”

“सगळ्या पानांना?”

“व्हय. मायनं लावलं.”

तो उठला. पुस्तक उघडं करून दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि सगळ्या वर्गांना फिरवून दाखवलं. “बघा रे! अडाण्याच्या घरात पुस्तक गेलं की काय होतं ते बघा! सरकार ह्यांना विद्या द्यायला निघालंय, अन् ह्यांनी पुस्तकाचा म्हसोबा केला!”

सगळी शाळा हसली. बैल काढणारा पोरगा हसला. दुकानदाराची लेक तोंडावर हात धरून हसली. आणि मी पण हसले. कुणी मला हसायला सांगितलं नव्हतं. सगळे हसतात म्हणून मी माझ्या मायला हसले.

हसणं थांबल्यावर तो म्हणाला, “हे मी जमा करून घेणार नाही. डाग काढून आण. नाहीतर चौथीची पुस्तकं विसर. असल्या घरात सरकारी पुस्तक पुन्हा जायचं नाही.”

मी घरी येऊन सांगितलं. हसले ते सांगितलं नाही. माय हातातलं काम टाकून उठली. मग तिने उतरंडीमागून साबणाची वडी काढली. साबण आमच्याकडे पाहुणा आला तरच निघायचा. एका फडक्याचा कोपरा भिजवला, साबणावर घासला आणि पहिल्या पानावरच्या हळदीवर हळूच फिरवला.

हळद लाल झाली. रसरशीत लाल झाली आणि खाली पसरली. हळदीला साबण लागला की असंच होतं, चुना लागला तरी होतं, हळदीचं कुंकू तसंच करतात. हे मायला ठाऊक नव्हतं असं नाही. पण घाबरलेल्या माणसाला ठाऊक असलेलंही आठवत नाही. तिने घाईघाईने आणखी घासलं. लाल ओघळ अक्षरांवर आला, कागद फुगला आणि त्याचा लगदा व्हायला लागला.

“रगत आलं गं,” ती म्हणाली. “सरस्वतीला रगत आलं. आता काय करू गं बाई!”

मी ओरडले, “अडाणी हाईस तू! अडाणी!”

एरवी एवढ्या बोलण्यावर तिने माझं थोबाड रंगवलं असतं. त्या दिवशी तिने हात उचलला नाही. फडकं पिळलं, दोरीवर टाकलं आणि पुस्तक उन्हात ठेवायला घेऊन गेली. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाच वाटलं होतं. ‘अडाणी’ हा शब्द आमच्या घरात कुणी कुणाला वापरत नव्हतं. तो मी शाळेतून आणला होता, आणि सरकारी पुस्तकासारखा फुकट आणला होता.

ते पान बघून मास्तर म्हणाला, “झालं. आता तर विषयच मिटला.”

जून आला. गठ्ठा आला. “गरिबांनी उभं राहा.” मी उभी राहिले. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, “तू बस.” सगळ्यांना पुस्तकं वाटून झाली तरी गठ्ठ्यात पुस्तकं उरली होती. चौथीची होती, मला दिसत होती. त्याने ती कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

दादांना कळलं तेव्हा ते रागावलेही नाहीत. वळचणीतलं लहान खुरपं काढलं, दगडावर घासलं आणि माझ्यासमोर ठेवलं. “पेर झाली की निंदायला चल. बोलल्यापरमानं हाय.” त्यांचं बोलणं बोलल्याप्रमाणेच होतं, त्यांच्याशी भांडायला जागा नव्हती. मी दप्तर खुंटीला लावलं आणि भिंतीकडे तोंड करून रडले.

माय म्हणाली, “चार दिस थांबा. मी बोलून बगते.”

“तू? कुनाशी?”

“मास्तरशी.”

शाळेचं तोंड तिने कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने धुतलेलं लुगडं नेसलं, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्यासोबत आली. मास्तरने तिला दारात बघितलं आणि म्हणाला, “शाळा चालू आहे. बाहेर थांब.” ती बाहेर थांबली. प्रार्थना झाली, पाढे झाले, पहिलीची बाराखडी झाली, मधली सुट्टी झाली. सुट्टीत तो तिच्या समोरून पाणी प्यायला गेला आणि आला. मी पुस्तक नसताना चौथीच्या ओळीत बसले होते, आणि दारातून मला तिचा अर्धा पदर दिसत होता. उन्हं देवळाच्या पायरीवर आली तरी ती तिथेच उभी होती. बसायला तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती बसली नाही.

शाळा सुटल्यावर त्याने तिला आत बोलावलं. मला पण थांबवलं.

“गुरुजी, चुकलं माजं,” माय म्हणाली. “मी लावलं. पोरीनं न्हाई. माजी सजा तिला देऊ नगा.”

“साहेब तपासणीला येणार. त्यांनी विचारलं, हे पुस्तक असं कसं झालं, तर मी काय सांगू? माझ्या गळ्याशी येईल. मला कागद पाहिजे. लेखी माफी. ती दे, मग पुस्तकं देतो.”

त्याची पण नोकरी होती, त्याला पण वरून जाब होता, असं मला पुष्कळांनी समजावलंय. असेल. मला काय करायचंय? बैल काढलेल्या पुस्तकाचा कागद त्याने कुणाच्या बापाकडून घेतला नव्हता.

“मला कुटं येतंय लिवाया, गुरुजी?”

“मी लिहितो, तू अंगठा दे.”

त्याने कागद पुढे ओढला, टाक दौतीत बुडवला आणि दोन शब्द लिहिले. मग तो कागद चुरगाळला. दुसरा घेतला, तोही चुरगाळला. त्याचं सगळं शिक्षण उर्दूतलं. उर्दू म्हणे तो मोत्यासारखी लिहायचा. मराठी अक्षर त्याने नोकरी टिकवायला शिकून घेतलेलं, फळ्यावर कसंबसं जमायचं, पण साहेबापुढे जायच्या कागदावर नाही. फळ्यावरचा सुविचार तो रोज माझ्याकडून लिहून घ्यायचा, ते का, हे मला त्या क्षणी समजलं. त्याने टाक माझ्यापुढे केला.

“तू लिही. मी सांगतो.”

त्याने सांगितलं आणि मी लिहिलं. सुरुवातीला मायचं नाव. मग, ‘मी अडाणी व निष्काळजी बाई असून, माझ्या अडाणीपणामुळे सरकारी पुस्तकाची नासाडी झाली. सरकारने उपकार म्हणून दिलेल्या वस्तूची मला किंमत नाही. पुन्हा असे करणार नाही.’ तो एकेक शब्द सावकाश, मोठ्याने सांगत होता. माय माझ्या शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. ‘अडाणी’ दोनदा आलं. दोन्ही वेळा माझा टाक अडखळला नाही. मला चौथीची पुस्तकं हवी होती. मी रेघ सरळ ठेवली, वेलांट्या नीट वळवल्या, शाई कुठे सांडू दिली नाही.

लिहून झाल्यावर मी कागद मायपुढे सरकवला. मास्तरने शिक्क्याची जांभळी गादी उघडली. मायने अंगठा गादीवर दाबला, वर उचलला आणि कागदावर वाकली. अंगठा तसाच हवेत धरून ती माझी अक्षरं बघत राहिली. ओळीने, डावीकडून उजवीकडे, जशी मी वाचताना बोट फिरवायचे तशी तिची नजर फिरली.

“लय सुबक लिवलंस गं,” ती म्हणाली. “ह्याच्यात माजं नाव कोनतं?”

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मायचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं होतं, ते त्या कागदावर.

तिने ते निरखून बघितलं. मग अंगठा खाली नेला, पुन्हा थांबली आणि मला विचारलं, “कुटं लावू? तुज्या अक्षराला लागंल.”